सात महिने सिगरेट बंद: निकोटीनचा गम आणि आमचा सहा जणांचा ग्रुप, दोन्हीचा अनुभव

सात महिने झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलेलं, कारण पहिल्या महिन्यात "सोडली" म्हणून सांगणारे खूप असतात आणि पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. मी 19 वर्षं ओढली, शेवटी शेवटी दिवसाला 12-14. राहायला धनकवडी, कामाला भोसरी, त्यामुळे पहिली उठल्या उठल्या गॅलरीत, मग कंपनीच्या गेटवर, मग प्रत्येक चहाला. याआधी चार वेळा सोडली, चारही वेळा गुपचूप, कोणाला कळू न देता, आणि सगळ्यात जास्त टिकली ती 16 दिवस.

या वेळी पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या, सोडायला मदत करणाऱ्या सरकारी नंबरला फोन केला. इतकी वर्षं त्या फोटोसकट पाकीट खिशात होतं पण नंबर कधी लावला नव्हता. तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, उठल्यावर किती वेळात पहिली लागते? मी म्हटलं दहा मिनिटांत. मग सोडायची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली, डॉक्टरांना भेटायला सांगितलं आणि नंतर स्वतःहून परत फोनही केला.

डॉक्टरांनी एका मशीनमध्ये फुंकायला लावलं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात त्यात. माझा आकडा 22. सिगरेट बंद करून आठवड्याने परत फुंकलं तर 3. तो 3 बघून जे वाटलं ते खरंच शब्दात सांगता येत नाही, 19 वर्षांत पहिल्यांदा शरीराने काहीतरी चांगलं सांगितलं.

आता गमबद्दल. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागते म्हणून मला 4 मिलिग्रॅमचा दिला. पहिले दोन दिवस मी तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला आणि उचक्या, घशात जळजळ, पोटात ढवळणं सगळं झालं, मला वाटलं हे आपल्याला झेपणारं नाही. मग कळलं की तो चावत बसायचाच नसतो, हळूहळू चार-पाच वेळा चावायचं, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. आणि तोंडात असताना किंवा त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. हे कळल्यावर गमने काम केलं. बारा आठवड्यांत कमी कमी करत बंद केला.

एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती म्हणून मुद्दाम लिहितो. दुसऱ्या आठवड्यात झोप पूर्ण उडाली, छाती धडधडायची, मी घाबरलो. डॉक्टरांनी विचारलं चहा किती? पाच-सहा कप. सिगरेटच्या धुराने लिव्हर कॅफीन भराभर संपवतं, सिगरेट बंद झाली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. दोन कपांवर आलो आणि चार दिवसांत झोप आली. खोकलासुद्धा आधी वाढतो, मग जातो.

पण गम फक्त निकोटीनचं बघतो. संध्याकाळी सहाला टपरीसमोर गाडी आपोआप स्लो होते त्याला गम काय करणार. त्यासाठी ग्रुप. दवाखान्याच्या बाकावर वाट बघत बसलेले आम्ही सहा जण, त्यात एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर काका, एक शाळेत शिकवणाऱ्या ताई, एक हिंजवडीचा पोरगा. नियम एकच, तलफ आली की फक्त "आली" एवढं लिहायचं, जो मोकळा असेल त्याने लगेच फोन करायचा आणि कशावरही बोलायचं, भाजीच्या भावावर पण चालेल. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं कोणीतरी सोबत पाहिजे एवढंच. ताईंच्या घरी त्या ओढायच्या हे आजही कोणाला माहीत नाही, बाईमाणूस म्हणून त्या कुठे बोलणार होत्या? त्यांनी पहिल्यांदा ग्रुपवर "आली" लिहिलं तेव्हा तीन फोन एकदम गेले.

विसर्जनाच्या रात्री मी घसरलो. लक्ष्मी रोडला मिरवणूक, रात्रीचा दीड, जुने मित्र, आणि पाकिटाशिवाय सुटी सिगरेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी असली तरी मिळायची तिथे मिळतेच. अर्धी ओढली. आधीच्या चार वेळांना इथेच संपलं होतं, एक झालीच आहे तर पाकीटच घेऊ म्हणून. या वेळी ग्रुपवर लिहिलं. काकांचा फोन आला, त्या वेळेला! ओरडले नाहीत. "पाकीट घेतलंस का रे?" नाही म्हटलं. "मग उरलेली टाक, घरी जा, झोप झाली की संध्याकाळी तळजाईला ये." गेलो. टेकडी चढताना दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून एकही नाही.

जे पटलं नाही ते पण सांगतो. सुरुवातीला आम्ही रोज दिवस मोजून टाकायचो, आज 40, आज 41. ज्याचा आकडा शून्यावर यायचा तो गप्प व्हायचा. हिंजवडीचा पोरगा असाच गप्प झाला आणि एक दिवस ग्रुप सोडून गेला, त्याची परत चालू आहे. याचं मला अजून वाईट वाटतं, तेव्हाच आकडे थांबवायला हवे होते. आता ग्रुपवर कोणी आकडा टाकत नाही, स्वतःच्या वहीत लिहा. त्याला मी दर रविवारी फोन करतो, सिगरेटचा विषय काढत नाही, तो उचलतो.

माझे दिवसाचे दोनशे-अडीचशे रुपये वाचतात, वजन चार किलो वाढलं आणि चालायला लागल्यावर त्यातलं दोन उतरलं.

बरेच जण आमच्या ग्रुपमध्ये घ्या म्हणतात. घेत नाही, पण नवीन ग्रुप जमवून देतो, दोन झालेत. सहाच्या वर माणसं नकोत, जास्त झाली की "आली" वाचून प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी फोन करेल.