गॅस गीझरची ज्योत वाऱ्याने विझते: पत्र्याचा आडोसा की फॅनवाला गीझर?

ड्राय बाल्कनीत गीझर असला की पावसाळ्यात वारा सुटल्यावर ज्योत विझते, सेन्सर गॅस बंद करतो ते बरंच आहे, पण अंगाला साबण लावलेला असताना गार पाणी येतं त्याचं काय.

स्वस्तातला उपाय म्हणजे वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा, फॅब्रिकेशनवाला करून देतो. फक्त गीझरपासून नीट अंतर सोडा आणि खालून हवा आत जायची नि वरून धूर बाहेर पडायची जागा अजिबात झाकू नका, कारण हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणूस जातो हो त्यात. प्लास्टिक, पुठ्ठा तर नकोच.

दुसरा उपाय फोर्स एक्झॉस्टवाला, म्हणजे फॅनवाला गीझर, आतला फॅन धूर पाइपातून बाहेर ढकलतो म्हणून उलटा वारा आला तरी ज्योत सहसा टिकते. महाग पडतो, आणि लाइट गेली की बंद.

भाड्याच्या घरात आडोसाच करा. स्वतःचं घर, वरचा मजला, सतत वारा असेल तर मी फॅनवालाच घ्या म्हणेन. बाल्कनी काचेने पूर्ण बंद करणं मात्र दोन्हीत नको.