लाइव्हसायकल डिझायनर: वाढणाऱ्या फॉर्मसाठी तगडं, पण हट्टी

मजकुरानुसार लांबणारे पीडीएफ फॉर्म बनवायला अडोबीचं लाइव्हसायकल डिझायनर तगडं आहे. मांडणी बिघडली की मात्र डोकं खातं. रकाना वाढून खालच्या रकान्यावर चढतोय? बाहेरचा सबफॉर्म (रकाने एकत्र ठेवणारी चौकट) 'पोझिशन्ड', म्हणजे जागा पक्की असलेला, राहिलाय; तो 'फ्लोड', म्हणजे मजकुरानुसार खाली सरकणारा, करा. त्याला वेढणारे सगळे सबफॉर्मही अगदी सगळ्यात बाहेरच्यापर्यंत तपासा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. रकान्याला 'अलाउ मल्टिपल लाइन्स' आणि उंचीला 'एक्स्पांड टू फिट' द्या. मजकूर अख्खाच पुढच्या पानावर उडी मारत असेल, तर 'अलाउ पेज ब्रेक्स विदिन कंटेंट' रकान्यालाही हवं आणि सबफॉर्मलाही. फाइल 'डायनॅमिक एक्सएमएल फॉर्म' म्हणूनच सेव्ह करा; स्टॅटिक, म्हणजे ठरावीक मांडणीच्या फॉर्ममध्ये यातलं काहीच हलत नाही. मोठी खोट एकच: क्रोममध्ये सहसा फॉर्मऐवजी 'प्लीज वेट'चं पान दिसतं, म्हणून भरणाऱ्याकडे संगणकावर ॲक्रोबॅट रीडरसारखं सॉफ्टवेअर हवंच.