भाडेकरू असलेले घर आणि वकिलाचा सल्ला : नाशिकमधील एका कार्यालयाचा अनुभव

आईला जिना चढवेना, म्हणून पंचवटीतील एका जुन्या वाड्याचा तळमजला आम्ही भाडेकरूसह विकत घेतला. व्यवहार ठरण्यापूर्वीच शरणपूर रस्त्यावरील एका वकिली कार्यालयाचा सल्ला घेतला होता. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे.

अशा मिळकती बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात आणि "ताबा आम्ही मिळवून देतो" असे सांगणारे दलालही सोबत येतात. वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, की किमतीतील ही सूट म्हणजे न्यायालयात काढाव्या लागणाऱ्या काळाचा मोबदला आहे. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे गुन्हा ठरतो, हेही त्यांनी बजावले. मग मिळकत पत्रिका, जुन्या भाडेपावत्या आणि प्रत्यक्ष कोण राहते, हे सारे त्यांनी तपासले. खरेदीदार मूळ मालकाच्या जागी येत असला, तरी खरेदीपूर्वीचे थकीत भाडे त्याला आपोआप मिळत नाही. म्हणून त्या हक्काचे स्वतंत्र कलम त्यांनी खरेदीखतात घातले. खरेदी होताच भाडेकरूला मालकबदलाची लेखी सूचनाही दिली, कारण ती मिळेपर्यंत त्याने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेले भाडे वैध धरले जाते.

या कार्यालयाचे खरे कसब भाडेकरूकडून ताबा मिळवण्यासाठी लावलेल्या दाव्याच्या मांडणीत दिसले. त्याच अधिनियमाच्या कलम 16(1)(g) खाली जागेची गरज वाजवी आणि प्रामाणिक असल्याचे सिद्ध करावे लागते. पण तेवढ्याने भागत नाही. ताब्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) दिल्याने भाडेकरूची जास्त अडचण होते की नाकारल्याने मालकाची, हे न्यायालय तोलते, दोघांना दुसरी सोय आहे का हे पाहते आणि भागत असेल तर जागेच्या काही भागापुरताच आदेश देते. भाडेकरू आहे हे माहीत असूनच जागा घेतली, हा मुद्दा समोरून येणार हे गृहीत धरून आईच्या वैद्यकीय कागदपत्रांबरोबरच आमच्या सध्याच्या इमारतीला लिफ्ट नसल्याचा पुरावाही दाव्यात सुरुवातीपासून जोडला होता. भाडेकरू असलेल्या काकांच्या मुलाचे सिडकोत स्वतःचे घर होते, ही गोष्टही रीतसर नोंदीवर आणली, पण काकांविषयी एकही अनुचित शब्द लिहिला नाही. पुढे तडजोड होऊ शकली ती बहुधा यामुळेच. नातवाची परीक्षा संपेपर्यंत त्यांना मुदत दिली आणि तडजोड पुरसीसमध्ये (न्यायालयात दिलेल्या तडजोडीच्या लेखी निवेदनात) आमच्या गरजेची कबुली स्पष्ट शब्दांत घेतली. कारण कायद्यातील कारण नोंदीवर नसेल, तर नुसत्या संमतीवर दिलेला ताब्याचा हुकूमनामा टिकत नाही.

उणीव एकच, पण त्रासदायक. तारीख पुढे गेल्याचे कार्यालयाकडून वेळेवर कळत नसे आणि सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालयात हेलपाटा झाल्यावरच ते समजे. शुल्क मात्र टप्प्याटप्प्याने, पावती देऊन आणि आधी सांगितले तेवढेच घेतले.

ताबा मिळाल्यावरही त्यांनी एक लेखी सूचना दिली : महिन्याच्या आत राहायला जा आणि वर्षभर जागा दुसऱ्या कोणाला भाड्याने देऊ नका, नाहीतर कलम 17 प्रमाणे मूळ भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. त्यांच्याच सांगण्यावरून आईच्या नावाचे गॅस जोडणीचे आणि वीजबिलाचे कागद आम्ही दाव्याच्या फायलीत लावून ठेवले आहेत.