एनडीआयएस वापरताना : पात्रता, पैसा आणि अडणाऱ्या जागा

ऑस्ट्रेलियाची नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, म्हणजेच एनडीआयएस, ही अपंगत्व असलेल्यांच्या मदतीचा खर्च उचलणारी सरकारी योजना. ती २०१३च्या कायद्याने आली आणि आज सात लाखांहून जास्त लोक तिच्यात आहेत. सेवा म्हणून तिला गुण द्यायचे तर उदारपणाला भरपूर आणि सुटसुटीतपणाला जेमतेम पास होण्यापुरते. उत्पन्नाची अट नाही. नवरा-बायको दोघं आयटीत कमावत असले तरी मुलाच्या थेरपीला पैसे मिळतात, आणि ती रक्कम करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. पण भारतातून आलेल्या घरांचे अर्ज जिथे अडतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा व्हिसाची. नागरिकत्व, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा न्यूझीलंडच्या काही नागरिकांकडे असतो तो संरक्षित विशेष व्हिसा, यांपैकी एक हवं. आणि ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याच्याच नावावर हवं. ४८२ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना योजना लागू नाही. ४९१ या प्रादेशिक भागासाठीच्या कौशल्य व्हिसावाले हमखास फसतात. हातात मेडिकेअरचं (सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड असतं, त्यामुळे हेही मिळेल असं वाटतं. पण ४९१ तात्पुरता व्हिसा आहे, पीआर होईपर्यंत थांबावंच लागतं. मूल ऑस्ट्रेलियात जन्मलं आणि तेव्हा आई किंवा वडील पीआर होते, तर ते जन्मतःच नागरिक, प्रश्न मिटला. पीआर मिळाल्यावर आणखी वाट बघावी लागत नाही. सेंटरलिंक या सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याच्या डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शनला साधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्याची अट असते, ती या योजनेला चिकटवून ‘अजून दहा वर्षं काही मिळायचं नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका.

दुसरी अट वयाची: अर्ज करताना वय ६५च्या आत हवं. सत्तरीच्या आईवडिलांना पीआरवर आणलं असेल तर त्यांच्यासाठी माय एज्ड केअर या वृद्धांसाठीच्या सरकारी सेवेकडे जायचं. तिथली घरपोच मदत १ नोव्हेंबर २०२५पासून सपोर्ट ॲट होम या नावाने चालते. ६५च्या आधी एनडीआयएसमध्ये आलेल्याला मात्र पुढेही राहता येतं.

तिसरी अट खरी कसोटीची. अपंगत्व कायमचं हवं आणि त्यामुळे संवाद, लोकांत मिसळणं, शिकणं, हालचाल, स्वतःची निगा, स्वतःचे व्यवहार सांभाळणं या सहांपैकी निदान एका बाबतीत क्षमता बरीच घटलेली हवी. आपल्याकडच्या यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्रावरची टक्केवारी इथे कामाची नाही. चाळीस काय नि ऐंशी काय, योजना चालवणारी सरकारी एजन्सी टक्के मोजतच नाही. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचं निदान फाइलला जरूर जोडा, पण निर्णय होतो तो रोजचं जगणं कुठे अडतं हे सांगणाऱ्या ताज्या रिपोर्टवर. ऑटिझमचं निदान तज्ज्ञांनी लेव्हल २ किंवा ३ (जास्त मदत लागणारं) असं दिलं असेल तर वाट बरीच सोपी, कारण ते थेट पात्र धरल्या जाणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. लेव्हल १ असेल तर क्षमता किती घटली हे वेगळं दाखवावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलाचा विकास मागे असेल तर निदानाचं नाव नसतानाही दार उघडं असतं, आणि नऊ वर्षांखालच्या मुलांचं काम एजन्सीने नेमलेल्या अर्ली चाइल्डहूड पार्टनर संस्थेमार्फत चालतं. निदानाची तारीख मिळेना म्हणून वर्षभर थांबणं हा यातला सर्वांत महागडा उशीर.

मराठी घरांचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते मुलाखतीत. ‘आंघोळ स्वतः करतो का?’ असं विचारलं की आई चटकन म्हणते, ‘करतो की.’ पाणी काढून ठेवणारी, साबण हातात देणारी आणि दाराशी उभी राहणारी तीच असते, हे तिच्या लेखी मदतीत बसतच नाही. त्यात आठ वर्षांच्या मुलाला आजी भरवते. समोरचा अधिकारी ते घरची रीत म्हणून सोडून देतो आणि फॉर्मवर ‘स्वतः जेवतो’ उमटतं. चारचौघांत पोराचं उणं काढायचं नाही हा आपला संस्कार इथे पैशात मोजावा लागतो. कुणीच मदत केली नाही तर काय होईल, ते सांगायचं. ‘मदत लागते’ या दोन शब्दांना वजन नाही. ‘आंघोळीला ४० मिनिटं लागतात, प्रत्येक पायरी सांगावी लागते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही, एकटा सोडला तर नळ तसाच ठेवून बाहेर येतो’, याला आहे. असं दोन आठवडे टिपून ते कागद ओटीला (रोजची कामं कितपत जमतात ते पाहणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला) रिपोर्टच्या आधी द्या. इंग्रजीची अडचण असेल तर एजन्सीशी बोलताना टीआयएस या सरकारी भाषांतर सेवेचा दुभाषा फुकट मिळतो, मराठी मागून घ्या. घरातल्या पोराला मध्ये बसवू नका.

अर्ज पूर्ण पोचल्यावर एजन्सीने २१ दिवसांत निर्णय द्यायचा किंवा आणखी कागद मागायचे, असा नियम आहे. नकाराचं नेहमीचं कारण म्हणजे ‘कायमचं’ हे सिद्ध न होणं: कोणते उपचार झाले, कोणते शिल्लक आहेत, त्यांनी फरक पडेल का, यावर डॉक्टरांनी एक ओळही लिहिलेली नसते.

अर्ज मंजूर होऊन प्लॅन, म्हणजे कशाला किती पैसे याचा आराखडा, हातात आला की त्यात ढोबळ भाग दिसतात. कोअर म्हणजे रोजची मदत, कपॅसिटी बिल्डिंग म्हणजे मुख्यतः थेरपी, कॅपिटल म्हणजे व्हीलचेअर किंवा घरातले बदल. कोअरमधले पैसे बरेचसे इकडचे तिकडे करता येतात, थेरपीचे येत नाहीत. मे २०२५पासून नव्या प्लॅनमध्ये रक्कम एकदम न देता हप्त्यांनी सोडतात, बहुधा तीन-तीन महिन्यांच्या. उरलेली रक्कम त्याच प्लॅनच्या पुढच्या हप्त्यात जाते, पण पुढची आधी उचलता येत नाही. शाळेच्या सुट्टीत थेरपीचं इंटेन्सिव्ह (थोड्या दिवसांत भरपूर सत्रं) लावायचं असेल तर गाडी इथेच अडते. हप्त्यांचा मुद्दा प्लॅनिंग मीटिंगमध्येच काढायला हवा.

दरांचं गणित कुणी समजावून सांगत नाही. २०२५-२६च्या दरपत्रकात ओटी आणि स्पीच थेरपीची कमाल तासाला १९३.९९ डॉलर, फिजिओची १८३.९९. चाळीस तासांचे ओटीचे पैसे म्हणजे ७,७५९.६० डॉलर. त्यातला सहा तासांचा रिपोर्ट १,१६३.९४ डॉलर खातो, थेरपिस्ट घरी येत असेल तर प्रवासाचा वेळ निम्म्या दराने लागतो. चाळीसातले प्रत्यक्ष मुलासमोर किती, हे सर्व्हिस ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी विचारा.

पैसे सांभाळायचे तीन मार्ग आहेत आणि सुरुवातीला प्लॅन मॅनेजर, म्हणजे आपल्या वतीने बिलं भागवणारा, घेणं उत्तम. त्याची फी प्लॅनमध्ये वेगळी मिळते, थेरपीतून कापत नाहीत, आणि नोंदणी नसलेली थेरपिस्टही चालते. एजन्सीकडे व्यवहार ठेवला तर फक्त नोंदणीकृत. सगळं स्वतःकडे घेतलं तर दरपत्रकाच्या वर पैसे देण्याची मुभा मिळते, पण पावत्या पाच वर्षं जपायच्या आणि चुकीच्या खर्चाची जबाबदारी आपली.

३ ऑक्टोबर २०२४पासून काय चालतं, काय नाही याच्या याद्याच कायद्याने बांधल्या. भाडं, किराणा, वीजबिल, शाळेची फी नाही. दवाखाना मेडिकेअरचा, वर्गातला मदतनीस शिक्षण खात्याचा. घरातल्या माणसाला पगार अगदी अपवादात्मक परिस्थितीतच, त्यामुळे मावशीला केअरर म्हणून लावण्याचा बेत सोडून द्या.

प्लॅन अपुरा वाटला तर दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. निर्णयच चुकला असेल तर तीन महिन्यांत अंतर्गत पुनर्विचार मागायचा; त्याला एजन्सी ६० दिवस घेऊ शकते, आणि पुढे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे २८ दिवसांत जाता येतं. परिस्थिती बदलली असेल, म्हणजे शस्त्रक्रिया झाली, सांभाळणारं माणूस आजारी पडलं, तर अर्ज वेगळा. दुसऱ्या खिडकीवर पहिली तक्रार नेली की नवे पुरावे मागतात आणि मधल्या काळात तीन महिन्यांची मुदत टळते.

भारतात जायचं असेल तर सहा आठवड्यांचा हिशोब ठेवा. त्याहून जास्त दिवस देशाबाहेर राहिलं आणि एजन्सीने मुदत वाढवून दिलेली नसली, तर परत येईपर्यंत प्लॅन स्थगित होतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची तिकिटं काढणाऱ्यांनी मुदतवाढीची चौकशी निघण्याआधी करावी, आणि थेरपिस्टलाही तारखा कळवाव्यात, म्हणजे परतल्यावर वेळ राखलेली असेल.