लॅफ्रॉइग १० की ग्लेनलिव्हेट १२?

प्रत्येकी आपापल्या एकाच डिस्टिलरीत, म्हणजे मद्य गाळण्याच्या कारखान्यात, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेल्या आणि ओकच्या पिंपांत मुरलेल्या या दोन्ही सिंगल माल्ट स्कॉच. तरीही शेजारी शेजारी ओतून पाहिल्यास त्यांचे नाते चटकन पटत नाही.

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ग्लेनलिव्हेटच्या उंच, अरुंद मानेच्या तांब्याच्या भट्ट्यांतून जड वाफ वर पोहोचण्याआधीच थंड होऊन परत खाली येते. त्यामुळे हाती येणारे मद्य हलके, फळांच्या गंधाचे आणि व्हॅनिलाच्या गोडव्याचे असते.

लॅफ्रॉइगचे रहस्य मात्र भट्टीपेक्षा धुरात आहे. दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, जाळून बार्ली वाळवताना धुरातील फिनॉल ही उग्र वासाची रसायने दाण्यांत उतरतात आणि पेल्यातून टिंचर आयोडीन, समुद्री शेवाळ व विझत्या शेकोटीचा वास येतो. ती जिथे बनते त्या बेटाच्या नावाचा उच्चार ‘आयला’ असा होतो; पहिल्या घोटानंतर मराठी माणसाच्या तोंडून नेमका तोच शब्द निघाला, तर त्याला भूगोलाचे ज्ञान समजावे.

बाटलीवरील १० आणि १२ हे आकडे आतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतात, दर्जा नव्हे. बर्फाने दोहोंचा सुगंध दबतो. पाण्याचे चार थेंब पुरेत. पहिली बाटली घेणाऱ्यास मी ग्लेनलिव्हेट सुचवेन, परंतु माझ्या कपाटात आधी संपते ती लॅफ्रॉइग.