लिनक्स कर्नल 5.15, 6.1 की 6.8? मेमरी नकाशाच्या दृष्टीने तुलना

प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, व्हर्च्युअल मेमरीतला (त्याला दिसणाऱ्या पत्त्यांच्या अवकाशातला) कोणता पट्टा स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीचा), कोणता हीपचा (चालताना मागून घेतलेल्या मेमरीचा) आणि कोणता एखाद्या फाइलचा, याची नोंद लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, व्हीएमए या रचनेत ठेवतो; दर पट्ट्यासाठी एक व्हीएमए असतो. उबुंटू 22.04 मूळ 5.15 कर्नलसह आली, डेबियन 12 मध्ये 6.1 आहे आणि उबुंटू 24.04 मध्ये 6.8, त्यामुळे अनेक थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामे) चालवणारा सर्व्हर यांपैकी कशावर ठेवावा हे ठरवताना या नोंदवहीच्या तीन पिढ्यांमधून निवड करावी लागते.

5.15 मध्ये व्हीएमए रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (समतोल राखणाऱ्या, दुफाट्यांच्या शोधवृक्षात) आणि त्याच्या जोडीला एका लिंक्ड लिस्टमध्ये (एकामागून एक जोडलेल्या साखळीत) गुंफलेले असतात. ट्रीचा नोड, म्हणजे वृक्षातला एकेक सांधा, व्हीएमएच्या पोटातच असल्याने नवा पट्टा जोडताना ट्रीसाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही, हा या रचनेचा गुण आजही मोलाचा वाटतो. मात्र प्रत्येक नोडला दोनच फांद्या असल्याने हजार पट्ट्यांमधून एक शोधताना दहा किंवा त्याहून अधिक पायऱ्या उतराव्या लागू शकतात, आणि दर पायरीला कॅशेत (प्रोसेसरजवळच्या जलद साठ्यात) नसलेली मेमरी वाचावी लागण्याची शक्यता असते.

डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या 6.1 ने ट्री आणि लिस्ट दोन्ही काढून त्यांच्या जागी लियम हाउलेट आणि मॅथ्यू विल्कॉक्स यांचा मेपल ट्री आणला. त्याच्या टोकाच्या एका नोडमध्ये सोळापर्यंत नोंदी मावतात, त्यामुळे हजार पट्ट्यांसाठी साधारण तीन-चार पायऱ्या पुरतात. किंमत अशी की बदल करताना नवे नोड लागू शकतात, त्यांची मेमरी आधीच राखून ठेवावी लागते आणि कर्नलचा कोडही कितीतरी गुंतागुंतीचा होतो. 2023 मध्ये उघड झालेली स्टॅकरॉट ही सुरक्षात्रुटी याच बदलातून आली: स्टॅक वाढताना केवळ वाचनाचा लॉक (एका वेळी कोणी काय करावे हे ठरवणारे कुलूप; वाचनाचे कुलूप अनेक थ्रेड एकदम घेऊ शकतात) हातात असताना जुना नोड बदलला जाई आणि दुसरा थ्रेड मुक्त झालेली मेमरी वाचू शके. 6.1.37 मध्ये ती दुरुस्त झाली, त्याआधीची 6.1 आवृत्ती वापरात ठेवू नये.

माझ्या मते खरी अडचण ट्रीची नव्हतीच. ती संपूर्ण प्रोसेसच्या मेमरी नकाशासाठी असलेल्या एकाच लॉकची, एमएमॅप लॉकची, होती. एक थ्रेड नवा पट्टा मागत असेल, तर दुसऱ्या थ्रेडचा अगदी वेगळ्या पट्ट्यातला पेज फॉल्टही (अजून न जोडलेले मेमरीचे पान वापरताना कर्नलला मारावी लागणारी हाकही) खोळंबतो, आणि ही कोंडी 6.1 मध्येही कायम आहे. सुरेन बगदासारियन यांनी 6.4 मध्ये प्रत्येक व्हीएमएला स्वतंत्र लॉक दिला, तेव्हा ती सुटू लागली: फॉल्ट हाताळताना कर्नल आधी त्या एका पट्ट्याचाच लॉक घेऊन पाहतो आणि ते जमले नाही तरच जुन्या लॉककडे वळतो. आरंभी ही सोय मुख्यतः फाइलशी न जोडलेल्या मेमरीपुरती होती, पुढे ती फाइलच्या पानांपर्यंत वाढली. 6.8 मध्ये हे सर्व आहे.

म्हणून जावाची मोठी सेवा किंवा अनेक थ्रेडचा डेटाबेस चालवणाऱ्याने मेमरी नकाशाच्या लाभासाठी 5.15 वरून 6.1 वर थांबू नये, थेट 6.8 वर जावे. मोजक्या, एकथ्रेडी प्रोसेस असतील तर केवळ या कारणासाठी प्रणाली बदलण्याची गरज नाही. ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी मोजाव्यात: प्रॉक या, प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेतील मॅप्स फाइलच्या ओळी, म्हणजेच पट्ट्यांची संख्या, आणि ऐन गर्दीच्या वेळी पर्फ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाने टिपलेला एमएमॅप लॉकवरचा खोळंबा. यांतला दुसरा आकडा लक्षणीय असेल, तर पहिला लहान असला तरी 6.8 निवडावा.