कन्व्हर्टर, एम्बेडेबल की युजरटाइप? हायबरनेटमध्ये आपला टाइप कॉलमला जोडताना

मुंबईतल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या. सभासदाचा १० अक्षरी पॅन, बँकेचा ११ अक्षरी आयएफएससी, थकबाकीची रक्कम. डेटाबेसला हा सगळा मजकूर नि आकडे. जावातही पॅन नुसती स्ट्रिंगच राहिली, तर त्या जागी आयएफएससी गेला तरी कंपायलर गप्प बसतो. म्हणून पॅनचा वेगळा क्लास हवाच. प्रश्न एवढाच, की जावा ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणाऱ्या हायबरनेटमध्ये तो कॉलमला जोडायचा कसा.

एकच कॉलम असेल तर माझं मत सरळ ॲट्रिब्युट कन्व्हर्टरला. जेपीए (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसात साठवण्याचं प्रमाणित स्पेसिफिकेशन) २.१ मध्ये, म्हणजे २०१३ साली तो आला. फक्त दोन मेथड: एक लिहिताना, एक वाचताना. ऑटोअप्लाय लावलं की पॅन टाइपच्या प्रत्येक फील्डला तो आपोआप लागू होतो. प्रायमरी की, व्हर्जन आणि नात्यांच्या फील्डना मात्र तो चालत नाही. नल (रिकामी किंमत) स्वतः सांभाळा. क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड लिहायला विसरू नका, नाहीतर काहीही बदललेलं नसताना हायबरनेट अपडेट पाठवत राहील. आणि जुन्या टेबलात चुकीचे पॅन असतील, तर कन्स्ट्रक्टरमधली कडक तपासणी वाचतानाच एक्सेप्शन फेकेल. आधी डेटा साफ करा.

रक्कम आणि चलन असे दोन कॉलम एकत्र नांदणार असतील तर एम्बेडेबल, म्हणजे अनेक कॉलम मिळून एक ऑब्जेक्ट, घ्या. त्याचा मोठा फायदा क्वेरीत दिसतो: आतलं पैशांचं फील्ड थेट नाव घेऊन वापरता येतं, सगळ्या विंगची थकबाकी डेटाबेसातच जोडता येते. एक लक्षात ठेवा, सगळे कॉलम नल असले तर अख्खा ऑब्जेक्टच नल येतो.

युजरटाइप, म्हणजे हायबरनेटचा स्वतःचा इंटरफेस, सर्वांत ताकदवान, कारण जेडीबीसीशी (जावाचा डेटाबेसशी बोलायचा मूळ मार्ग) बोलणं थेट तुमच्या हातात. पण तो हायबरनेटपुरताच. २०२२ च्या हायबरनेट ६ मध्ये त्याचा इंटरफेस बदलला, त्यामुळे जुना कोड पुन्हा लिहावा लागतो. जेसनसाठी तर आता हायबरनेटचीच सोय आहे. पोस्टग्रेस डेटाबेसच्या रेंजसारखा खास टाइप असल्याशिवाय इकडे वळू नका.

बिलाच्या स्थितीचा एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) ऑर्डिनलने, म्हणजे यादीतल्या क्रमांकाने, तर मुळीच साठवू नका. उद्या कुणी मध्येच 'अंशतः भरले' घातलं, की त्यापुढच्या स्थितींच्या जुन्या बिलांचा अर्थ एका क्रमांकाने सरकेल. ठरलेली कोड-अक्षरं साठवा. त्यासाठी कन्व्हर्टर पुरतो.